भोपळा अवाढव्य, बी पोचट: एका हंगामाची नोंद

अवाढव्य भोपळा फोडावा, आत हात घालावा, मूठभर बिया बाहेर याव्यात आणि बोटांत दाबल्यावर एकेक बी चपटी बसावी. ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांना ती हळहळ समजावून सांगायला नको. सहा महिन्यांचं पाणी, खत आणि राखण फळाच्या वजनात दिसते, पण पुढच्या वर्षी लावायला त्या वेलीचं काहीच हाती उरत नाही. या हंगामात दोन वेली शेजारी शेजारी वाढवल्या आणि दोन्हींची रोजची नोंद ठेवली. मोठ्या फळाचं बी जवळजवळ सगळं पोचट निघालं, लहान फळाचं भरगच्च. आता हंगाम संपला आहे, बियांची उगवण चाचणीही झाली आहे, म्हणून तारखांसकट क्रमानं लिहितो. ज्यांची वेल अजून उभी आहे त्यांना यातलं काही वेळेवर उपयोगी पडावं.

हा भोपळा कुकुर्बिटा मॅक्झिमा या जातीचा. सर्वांत जड भोपळ्याच्या स्पर्धेतले जवळजवळ सगळे भोपळे ‘अटलांटिक जायंट’ या वाणाच्या वंशातले असतात. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात, विंडसर इथे हॉवर्ड डिल यांनी वर्षानुवर्षं निवड करून तो घडवला. १९८१ साली त्यांचा ४९३.५ पौंडांचा, म्हणजे सुमारे २२४ किलोंचा भोपळा जगात सर्वांत जड ठरला. आज विक्रम १,२०० किलोंच्या पुढे गेले आहेत. या सगळ्या काळात निवड झाली ती वजनावर. एका फळात चारशे-पाचशे बिया होऊ शकतात आणि वंश पुढे न्यायला दहा पुरतात. त्यामुळे ज्या वंशात बी कमी भरतं तो गाळला जात नाही. फळ जड असेल तर त्याच्याच दहा बिया जपून लावल्या जातात. काही वंश मुळातच बियांच्या बाबतीत हात आखडता घेणारे असतात, त्याचं कारण हेच असावं असं माझं मत आहे. पण ‘वाणच तसा’ म्हणून विषय मिटवण्याआधी हंगामातल्या काही ठरावीक तारखा तपासायला हव्यात, कारण बहुतेक वेळा दोष तिथे सापडतो.

२२ एप्रिलला दोन्ही बिया कुंड्यांत टाकल्या. टरफल जाड असतं, म्हणून कडा पॉलिशपेपरनं हलकी घासली (टोकाकडची बाजू सोडून, तिथे गर्भाचं मूळ असतं), तासभर कोमट पाण्यात ठेवल्या आणि मातीचं तापमान ३० अंशांच्या आसपास राखलं. चौथ्या-पाचव्या दिवशी अंकुर वर आले. मेच्या मध्याला वेली जमिनीत गेल्या. पुढचे सहा आठवडे पानं वाढवण्याचे. मुख्य वेलीवर बुंध्यापासून तीन-चार मीटरांच्या आत येणारी मादी फुलं खुडत गेलो, कारण फळ धरायच्या वेळी त्याच्यामागे पानांचा भरपूर पसारा हवा. या काळात नत्र जास्त झालं तर वेल नुसती माजते आणि मादी फुलं उशिरा येतात. उशिरा धरलेल्या फळाला बी भरायला दिवस कमी पडतात, तेव्हा हा उशीर थेट बियांच्या खात्यावर जातो.

बियांच्या दृष्टीनं पहिली महत्त्वाची तारीख परागीकरणाची. पहिल्या वेलीवर ती २८ जून, दुसरीवर ३ जुलै. दोन्ही सकाळी काय घडलं ते जरा सविस्तर सांगतो, कारण अर्धा निकाल तिथेच लागला होता.

मादी फूल उद्या उमलणार हे आदल्या संध्याकाळी कळतं. मिटलेल्या पाकळ्यांची टोकं हिरवटाची पिवळी होतात. तेव्हाच टोकाशी सैल दोरा बांधायचा किंवा वरून पातळ कापडाची पिशवी घालायची, म्हणजे पहाटे मधमाश्या आपल्याआधी पोचत नाहीत. हे नुसतं वंश शुद्ध राहावा म्हणून नाही. आसपास मोस्काटा किंवा पेपो या जातींचे भोपळे असतील आणि त्यांचे पराग आधी पडले, तर फळ धरतं, वाढतंही, पण दोन जातींचा मेळ न बसल्यामुळे आतले गर्भ बहुतेक मरतात आणि टरफलं रिकामी राहतात. उद्या उमलणारी नर फुलंही अशीच ओळखून, लांब देठासकट कापून, रात्रभर पाण्यात सावलीला ठेवायची.

फूल उघडलं की मध्ये कुक्षीच्या, म्हणजे पराग झेलणाऱ्या भागाच्या, जाडसर, दुमडलेल्या पाकळ्यांसारखे भाग दिसतात. कधी तीन, कधी चार, कधी पाच. प्रत्येक भाग खाली फळातल्या एका कप्प्याशी जोडलेला असतो आणि त्याच्यावर पडलेले पराग प्रामुख्यानं त्याच कप्प्यातल्या बीजांडांपर्यंत (ज्यांची पुढे बी होते) जातात. बीजांडं कित्येक शेकडा असतात. प्रत्येकाला स्वतःचा एक परागकण लागतो. त्या कणातून नळी फुटते, कुक्षीतून खाली उतरते आणि बीजांडात शिरते. तिथे दोन मीलनं होतात: एकातून गर्भ तयार होतो, दुसऱ्यातून गर्भाला सुरुवातीला पोसणारा भ्रूणपोष. दोन्हींपैकी एक जरी फसलं तरी ते बी पुढे भरत नाही. फळ मात्र थोड्याशा परागांवरही धरतं. फळ धरलं म्हणजे परागीकरण नीट झालं, ही समजूत इथेच दगा देते.

पहिल्या वेलीचं फूल चार भागांचं होतं. त्या सकाळी आधीच्या पावसानं नर फुलं भिजलेली होती. पाणी लागलं की परागकण फुटतात, त्यांचा गोळा होतो आणि ते निकामी होतात. कोरडी अशी दोनच फुलं मिळाली, तीही शोधून आणेपर्यंत साडेनऊ वाजले आणि सावलीतलं तापमान ३३ अंशांवर गेलं. पराग पहाटे सर्वांत जोमदार असतात. ऊन चढलं की तासातासानं त्यांची ताकद कमी होते. नर फुलाच्या पाकळ्या फाडून मधला परागकोश चारही भागांवर फिरवला, पण दुसरं फूल संपत आलं तेव्हा मागच्या बाजूचा, पानांकडचा भाग जवळजवळ स्वच्छच दिसत होता. ही नोंद त्या दिवशीच लिहून ठेवली होती, पुढे ती कामी आली.

दुसऱ्या वेलीचं फूल पाच भागांचं होतं. सकाळी सहाला, रात्रभर राखलेल्या सहा नर फुलांनी परागीकरण केलं. प्रत्येक भागावर वरून, बाजूनं आणि आतल्या घडीत पराग लावले, पाचही भाग पिवळेधमक होईपर्यंत. मग पाकळ्या परत मिटवून बांधल्या आणि दुपारपर्यंत वर छत्री उभी केली. ऊन फारच असेल तर फुलाशेजारी, त्याला न टेकवता, बर्फाच्या दोन बाटल्या ठेवल्यानंही फरक पडतो. यातला खर्च म्हणजे सहा फुलं आणि एक पहाट. पुढच्या शंभर दिवसांच्या मानानं तो काहीच नाही, तरी हाच खर्च सर्वांत जास्त वेळा टाळला जातो.

परागनळी वाढायला बोरॉन लागतं, म्हणून पोचट बी दिसलं की पहिला संशय बोरॉनवर जातो आणि लोक फवारणी सुरू करतात. माती तपासल्याशिवाय हे करू नये. बोरॉन पुरेसं आणि जास्त यांतलं अंतर फार थोडं आहे. जास्त झालं की पानांच्या कडा करपतात आणि पान गेलं की बियांचं नुकसान दुप्पट. आमच्या मातीच्या अहवालात ते पुरेसं होतं, म्हणून दोन्ही वेलींना दिलं नाही.

१६ जुलैला एक छोटी गोष्ट पाहायला मिळाली आणि तिनं बियांचं गणित डोळ्यांसमोर मांडलं. पहिल्या वेलीच्या फांदीवर २८ जूनलाच धरलेलं एक राखीव फळ होतं. मुख्य फळ जोमात आहे हे पक्कं झाल्यावर ते अठराव्या दिवशी काढलं आणि उभं चिरलं. आत बिया ओळीनं बसलेल्या, पांढऱ्या, ओल्या आणि आकारानं जवळजवळ पूर्ण वाढलेल्या. अनोळखी माणसाला त्या तयारच वाटल्या असत्या. एक बी ब्लेडनं उभी कापली. टरफल इतकं मऊ की नख रुतावं. आत पारदर्शक, चिकट रस, आणि निमुळत्या टोकाशी दोन-तीन मिलिमीटरचा हिरवट-पांढरा ठिपका. तो गर्भ. बाकी सगळी पोकळी.

म्हणजे घर आधी बांधून होतं, राहायला माणूस नंतर येतो. टरफल हे आईच्या, म्हणजे वेलीच्याच पेशींचं असतं. ते पहिल्या तीनेक आठवड्यांत पूर्ण आकार घेतं. आतला गर्भ त्यानंतर वाढतो. त्याची दोन दलं भ्रूणपोष खाऊन संपवतात आणि पोकळी भरत जातात. भोपळ्याच्या पक्व बीमध्ये भ्रूणपोष जवळजवळ उरतच नाही. आपण सोलून जो पांढरा गर काढतो ती ही दोन दलंच. हे भरणं साधारण विसाव्या दिवसाच्या पुढे जोर धरतं आणि पन्नास-पंचावन्न दिवसांपर्यंत चालतं. म्हणून बीचा बाहेरचा आकार पाहून तिच्या पक्वतेबद्दल काहीही सांगता येत नाही. पस्तिसाव्या दिवशी फळ फुटलं, सडलं किंवा वेल मेली, तर आतल्या बिया मोठ्या, पांढऱ्या, देखण्या असतात आणि उगवत नाहीत.

आता नेमकं याच काळात फळही सर्वांत वेगानं फुगत असतं. पहिल्या वेलीच्या फळाची तीन मापं रोज घेत होतो: घेर, देठाकडून फुलाच्या टोकाकडे वरून जमिनीपर्यंत, आणि आडवं वरून जमिनीपर्यंत. तक्त्यावरून वजनाचा अंदाज काढला तर तिसाव्या दिवसाच्या आसपास ते दिवसाला १४ किलोंनी वाढत होतं. विक्रमी फळं तर दिवसाला वीस किलोंच्याही वर जातात. साध्या भोपळ्यात गर आधी तयार होतो आणि मग पानांतलं अन्न बियांकडे वळतं. राक्षसी भोपळ्यात फळाची वाढ सत्तर-ऐंशी दिवसांपर्यंत थांबतच नाही, म्हणजे बिया भरायचा सगळा काळ त्यांना फुगणाऱ्या गराशी वाटणी करावी लागते. पानं भरपूर आणि निरोगी असतील तर दोघांचंही भागतं. पानं कमी पडली की ओढाताण सुरू होते.

आमची पानं कमी पडली. ५ ऑगस्टला, अडतिसाव्या दिवशी, पहिल्या वेलीच्या बुंध्याजवळच्या जुन्या पानांवर भुरी या बुरशीचे पांढरे ठिपके दिसले. दोन दिवसांनी आत हात घालून पाहिलं तर खालची पानं आधीच माखलेली होती. वरून हिरवीगार दिसणाऱ्या छताखाली ती आठवडाभर पसरत असणार. गंधकाची फवारणी करायची तर तापमान ३२ अंशांच्या वर होतं आणि तेवढ्या उन्हात गंधकानं पानं भाजतात, म्हणून चार दिवस थांबावं लागलं. २२ ऑगस्टपर्यंत, म्हणजे पंचावन्नाव्या दिवशी, निम्म्याच्या आसपास पानं गेली होती. तेव्हा पोटात कालवलं, पण मापं पाहिल्यावर धीर आला: फळ वाढतच होतं. आज कळतं की तो धीर फसवा होता. फळाची वाढ बऱ्याच अंशी पाण्याची असते, ती कमी पानांवरही रेटून नेता येते. बीच्या दलांना मात्र तेल आणि प्रथिनं साठवायची असतात आणि ती पानांच्या कमाईतूनच येतात.

दुसऱ्या वेलीवर भुरी दिसण्याआधीच, जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापासून, सकाळी लवकर पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारणी सुरू केली होती. बुंध्याजवळची अगदी जुनी, जमिनीला टेकलेली पानं काढून हवा खेळती ठेवली. पाणी दोन्ही वेलींना सारखंच, ऐन उन्हाळ्यात दिवसाला दोनशे लिटरांच्या वर, पण पानांवर न पडू देता मुळांशी. पानांवर मोझॅकसारखे चट्टे दिसले असते तर गोष्ट वेगळी होती. मावा पसरवतो ते विषाणू फळ आणि बी दोन्ही बिघडवतात आणि त्यावर फवारणीचा इलाज नाही, रोगट वेल उपटावीच लागते.

आणखी एक ठिकाण रोज पाहण्यासारखं आहे: देठाचा सांधा. फळ मोठं होताना खांद्यानं वेलीला रेटतं आणि देठ मुळाशी चिरतो. म्हणून फळाच्या आसपास वेलीला जमिनीत मुळं धरू द्यायची नाहीत, वेल थोडी उचलून हळूहळू देठाशी काटकोनात वळवत न्यायची. देठाला खोल चीर गेली आणि तिथे कूज शिरली तर ती पोकळीपर्यंत उतरते. पोकळीत जंतू वाढले की आतला दाब वाढून चिरेतून फेस येतो आणि भरलेल्या बियाही आंबून जातात. सुदैवानं आमच्या दोन्ही फळांना तसं झालं नाही.

सप्टेंबर हा वाट पाहण्याचा महिना. वाढ मंदावली, रोजची मापं आठवड्यावर आली. या टप्प्यावर बियांसाठी करण्यासारखं एकच काम उरतं, उरलेली पानं जगवणं. ४ ऑक्टोबरला थंडीची चाहूल लागल्यावर दोन्ही फळं काढली. पहिलं ९८ दिवसांचं, दुसरं ९३. थोडी वेल दोन्ही बाजूंनी राखून देठ कापला. वजनकाट्यावर पहिलं ३१२ किलो, दुसरं १७९ किलो भरलं.

वजनाच्या ठिकाणच्या कागदपत्रांबद्दल थोडं, कारण बियांशी त्याचा संबंध आहे. ग्रेट पंपकिन कॉमनवेल्थ या अशा स्पर्धांच्या संघटनेच्या नियमांनुसार फळ निरोगी लागतं. पोकळीपर्यंत गेलेलं भोक किंवा चीर असेल तर ते स्पर्धेत धरलं जात नाही. त्यामुळे आधी फोडून बी पाहण्याचा प्रश्नच येत नाही. नोंदीच्या रकान्यांत वजन आणि लावणाऱ्याचं नाव यांच्यासोबत मादी आणि नर कोणत्या बियांचे, हेही लिहायचं असतं. बी ओळखलं जातं ते ज्या फळातून आलं त्याचं वजन, लावणाऱ्याचं आडनाव आणि वर्ष यांवरून. परागीकरणाच्या दिवशी नर फूल कोणत्या वेलीचं होतं हे लिहिलं नसेल तर ऑक्टोबरमध्ये आठवत नाही आणि तो रकाना कोरा राहतो. देठाला त्याच दिवशी चिठ्ठी बांधणं हा सगळ्यांत सोपा उपाय.

फळ काढल्यावर लगेच फोडायची घाई करू नये. बिया फळात असेपर्यंत गरातून अन्न ओढत राहतात. चाळीस-पन्नास दिवसांच्या फळातलं अर्धवट भरलेलं बी तीन-चार आठवडे तसंच ठेवल्यावर बरंच सुधारतं. दोन्ही फळं १२ अंशांच्या आसपासच्या कोरड्या जागी, लाकडी फळ्यांवर, बुडाला हवा लागेल अशी ठेवली. दर दोन दिवसांनी बुडाशी हात फिरवून मऊ जागा आहे का पाहायचं. मऊ लागलं की थांबायचं नाही, त्याच दिवशी फोडायचं. गारठून बर्फ होणाऱ्या जागी, अंगणात शोभेला म्हणून, फळ ठेवणं हे बी मारण्याचं हमखास साधन आहे. ओलं बी गोठलं की गर्भ मरतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. उलट उबदार जागी फार महिने ठेवलं तर बिया आतच मोड काढतात.

१ नोव्हेंबरला, अठ्ठाविसाव्या दिवशी, दोन्ही फळं फोडली. करवतीचं पातं गराच्या जाडीपेक्षा खोल जाऊ द्यायचं नाही, नाहीतर ज्यांच्यासाठी एवढं केलं त्याच बिया कापल्या जातात. विषुववृत्तासारखी आडवी चीर देऊन दोन भाग केले, म्हणजे देठाकडची आणि फुलाकडची बाजू वेगळी पाहता आली. प्रत्येक कप्पा वेगळ्या टोपलीत काढला. ही मेहनत घेतली नसती तर पुढचं काहीच कळलं नसतं.

पहिल्या फळात तीन कप्प्यांत बिया दाटीनं होत्या. चौथ्यात, जो परागीकरणाच्या सकाळी मागच्या बाजूला आला होता, देठाकडच्या निम्म्या भागात बिया नव्हत्याच. तिथे दोऱ्यांना चिकटलेली पातळ, नखाएवढी खवलं होती. परागनळ्या फुलाच्या टोकाकडून आत येतात, त्यामुळे कमी पराग असतील तर तिकडची बीजांडं आधी फळतात आणि देठाकडची उपाशी राहतात. फळाची ती बाजू बाहेरूनही दबलेली होती. विसाव्या दिवसापासून मापांत ते दिसत होतं, पण अर्थ आता लागला. म्हणजे खवलं दिसली तर दोष परागीकरणाच्या सकाळचा.

बाकीच्या तीन कप्प्यांतल्या बिया पूर्ण आकाराच्या, गोऱ्यापान. त्यांतल्या वीसेक कापून पाहिल्या. काहींत आत नुसता पातळ पापुद्रा. तिथे गर्भ अगदी सुरुवातीलाच गेलेला. बहुतेकांत मात्र दोन दलं होती, पण कागदासारखी पातळ, पोकळीच्या एका बाजूला सुरकुतून बसलेली. ही दलं वाढायला लागली होती आणि मध्येच त्यांचा शिधा तुटला. पापुद्रा असेल तर दोष पहिल्या दोन-तीन आठवड्यांतला, मीलनाचा किंवा वाणाचा. सुरकुतलेली दलं असतील तर पानांचा, म्हणजे आमच्या बाबतीत भुरीच्या ऑगस्टचा. दुसऱ्या फळाचे पाचही कप्पे देठापासून टोकापर्यंत सारखे भरलेले होते आणि कापलेल्या प्रत्येक बीत दलं टरफलाला आतून घट्ट टेकलेली.

फळातून काढल्यावर बी लगेच मोजू नये. ओली असताना पोचट बीही फुगलेली आणि जड लागते. गाभ्याचे दोरे हातानं सोडवून, चाळणीत वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायचं. रात्रभर पाण्यात भिजवून ठेवायचं नाही, त्यानं बी मोडाला लागतं. मग जाळीवर एका थरात पसरून पंख्याखाली ठेवायचं, पहिल्या दिवशी तीन-चार वेळा उलटायचं. उन्हात किंवा ३५ अंशांवरच्या उष्णतेत वाळवू नये. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खरा निवाडा सुरू होतो: पोचट बियांचं पोट आत जातं, कडा उभ्या राहतात आणि बी होडीसारखी दिसायला लागते. भरलेली बी मध्ये उंचच राहते. पाण्यात तरंगणारी बी फेकायची ही जुनी पद्धत इथे नीट चालत नाही, कारण या मोठ्या बियांत टरफल आणि दलं यांच्यामध्ये हवेची फट असते आणि चांगल्या बियाही तरंगतात. त्यापेक्षा दोन कसोट्या खऱ्या. अंगठा आणि तर्जनी यांत मध्यभागी दाबून पाहायची, आणि शंका आली तर अंधारात विजेरीच्या काचेवर ठेवायची. भरलेल्या बीत दलांची गडद सावली टरफलाच्या कडेपर्यंत दिसते, अर्धवट भरलेल्या बीत सावलीभोवती उजेडाची रुंद पट्टी राहते.

२२ नोव्हेंबरपर्यंत बी कोरडं झालं. वाकवल्यावर लवण्याऐवजी कट्कन मोडलं की झालं समजायचं. पहिल्या फळाच्या पूर्ण आकाराच्या ३६४ बियांपैकी भरलेल्या २३, अर्धवट ४१, बाकी पोचट. दुसऱ्या फळाच्या ५१८ पैकी ४६७ भरलेल्या.

उगवण चाचणीची घाई केली नाही. ताजं भोपळ्याचं बी काही आठवडे झोपलेलं असतं आणि लगेच पेरलं तर चांगलं बीही मेलेलं वाटतं. १० जानेवारीला ओल्या कापडात गुंडाळून ३० अंशांवर ठेवलं. दुसऱ्या फळाच्या दहापैकी नऊ बिया सहा दिवसांत फुटल्या. पहिल्याच्या भरलेल्या पाचांपैकी तीन. अर्धवट बियांपैकी दहा घेऊन टरफल कडेनं नखकटरनं उकललं, पातळ दलं अलगद बाहेर काढली आणि उकळून गार केलेल्या पाण्यानं ओलसर केलेल्या कोकोपीटमध्ये ठेवली. अशा दलांत साठा कमी, त्यामुळे टरफल फोडायची ताकद त्यांच्यात नसते आणि बुरशी लवकर धरते. रोज पाहून सडलेलं लगेच काढावं लागतं. आठ गेली. दोन नवव्या दिवशी हिरवी झाली. अंगानं लहान, पण मूळ सरळ खाली गेलेलं.

ज्यांना एखाद्या वंशाचं बी हवंच आहे त्यांनी एक गोष्ट आधीच ठरवावी. विक्रमी वजनाच्या आशेवर वाढवलेल्या फळावर बियांसाठी विसंबू नये. त्याच दोन वाणांचा संकर दुसऱ्या एका वेलीवर करावा, फळ मध्यम आकाराचं राहू द्यावं, पंचावन्न-साठ दिवस निरोगी पानांसह उभं ठेवावं आणि नंतर महिनाभर साठवावं. जागा दुप्पट लागते आणि पाणीही, पण बी मिळतं.

पहिल्या फळाच्या उरलेल्या अठरा बिया सिलिका जेलच्या पुडीसोबत हवाबंद बरणीत, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवल्या आहेत. पाकिटावर वजन आणि वर्ष, मादी आणि नर यांच्याखाली आणखी तीन ओळी लिहिल्या: कुक्षीचे भाग ४, नर फुलं २, पंचावन्नाव्या दिवशी पानं निम्मी. हळूच हिरवी झालेली ती दोन रोपं आता मोठ्या कुंडीत आहेत आणि तिसरं पान काढत आहेत.